उजव्या मांडीवरचा खिसा

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिच्यावर चिडले होते. त्यात विशेष काही नव्हतं. पळायला जायचे त्या प्रत्येक सकाळी मी तिच्यावर चिडायचेच.

मी पुढे पळत होते आणि ती मागे सायकलवर होती. गोदामांच्या पाठीमागून एक लांब भिंत जाते, तिच्या कडेचा रस्ता आमचा. त्या वेळी मालाच्या गाड्या सुरू झालेल्या नसतात. कुत्री असतात, तीही अजून झोपलेली. माझ्या बुटांचा आवाज आणि तिच्या सायकलच्या साखळीची करकर, एवढंच ऐकू यायचं. आणि मग मध्येच तिचा आवाज.

"वाघीण, सतरा चोक?"

"अडुसष्ट."

परत करकर.

मला आठव्या वर्षापासून मधुमेह आहे, रोज इंजेक्शनं घेऊन जगावं लागतं तो. पळताना साखर कधी कधी एकदम उतरते. उतरली की आधी डोकं जातं आणि मग हातपाय. डोकं जातं म्हणजे मी विनाकारण चिडते आणि मला पाढे येईनासे होतात. हा शोध आईने मी शाळेत असताना लावला. ती मालवाहतुकीच्या कंपनीत काउंटरवर होती. बोचक्याचं वजन गुणिले दर, हे ती पावतीपुस्तक उघडायच्या आत तोंडानं करायची. माणूस ठिकाणावर आहे की नाही हे बघायची तिची तीच पद्धत होती. शेजारच्या आजोबांना चक्कर आली तेव्हा लोक पाणी आणायला धावले आणि आईने त्यांना बारा नव्वे विचारलं.

आता माझ्या दंडावर एक चकती असते. ती साखर मोजते आणि फोनला कळवते, साखर उतरली की फोन ओरडतो. आईला त्या चकतीचं काडीचं कौतुक नव्हतं. "ते यंत्र झाल्यावर सांगतं, मी होताना सांगते," म्हणायची. बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं आणि तेच जास्त झोंबायचं.

सायकलच्या पुढच्या टोपलीत माझा फोन, ग्लुकोजच्या गोळ्यांची नळी, पाण्याची बाटली, घराची किल्ली आणि एक घडी घातलेला नॅपकिन. थोडक्यात माझा खिसा चाकांवरून माझ्या मागे यायचा.

"अठरा साते?"

"सव्वीसासे. आणि आता पुरे."

"चिडलीस. साखर बघ."

हे दोन शब्द मी आयुष्यभर ऐकले. वर्गात कुणी माझी वही फाडली, साखर बघ. ग्रंथालयातल्या नोकरीत बढती दुसऱ्याला मिळाली, साखर बघ. माझं ठरलेलं लग्न मोडलं आणि मी स्वयंपाकघरात बशी आपटली तेव्हा आईने आधी माझं बोट धरून सुई टोचली आणि मग काचा गोळा केल्या. आकडा नीट आला की मात्र ती एक वाक्य म्हणायची, आणि मग वाद संपायचा. "म्हणजे खरंच चिडली आहेस. बरं, चिड."

त्या सकाळी मी थांबले. टोपलीतला फोन घेतला आणि तिच्या नाकासमोर धरला. साखर उत्तम होती.

"बरं, चिड," ती म्हणाली आणि माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायली.

मी तिला सांगितलं, की मी आता खिसे असलेली शॉर्ट्स घेणार आहे. फोन, गोळ्या, किल्ली, सगळं माझ्या अंगावर राहील. मग तुला यायची गरज नाही.

"घे की. मला तरी झोप मिळेल. या सीटनं माझं काय करून ठेवलंय ते माझं मला माहीत."

आम्ही घरी आलो. तिने कामाच्या शर्टाला इस्त्री केली, बाबांचा चष्मा शोधून दिला, जो त्यांच्या कपाळावर होता, आणि कामावर गेली.

दुसऱ्या दिवशी तिची सकाळपाळी होती म्हणून पळणं नव्हतं. दुपारी काउंटरवर कुणाचं तरी पार्सल काट्यावर ठेवलेलं असताना ती म्हणाली, एक मिनिट हं. मग तिने काउंटरवर डोकं टेकलं. गिऱ्हाईक शांतपणे उभं राहिलं. त्याला वाटलं, हिशेब करतेय.

*

त्यानंतर मी पळाले नाही. साखर कधी आभाळात, कधी पाताळात. डॉक्टरीण बाई एरवी सौम्य बोलतात, पण या वेळी कागद बाजूला सारून त्यांनी विचारलं, की पळणं का सोडलं. मी म्हटलं, सामान ठेवायला जागा नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, मग जागा करा.

पट्टा लावता येईल, असं सगळ्यांनी सुचवलं. कमरेला बांधायचा पाऊचवाला पट्टा माझ्याकडे होता. पण मी इंजेक्शनं पोटावर घेते. पट्टा नेमका तिथेच घासतो, आणि न घासावा म्हणून सैल केला तर तो पळताना आपला आपण गोल फिरतो. हे मी प्रत्येकाला समजावून सांगितलं, आणि प्रत्येकाने "हो का" म्हणून पुन्हा पट्ट्याचंच सुचवलं.

बाबा मात्र पट्ट्याबद्दल बोलले नाहीत. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतात. दिवसभर एका डोळ्यानं बघून बघून त्यांना बोलायची सवय राहिलेली नाही. एका संध्याकाळी ते जेवताना म्हणाले, "मी येऊ का सायकलवर?"

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, तेव्हा समोरच बसली होती. ती म्हणाली, "तुम्ही? तुमचे गुडघे जिन्यावर वाजतात ते माझ्या घरी ऐकू येतात."

"पाढेही मला बारापर्यंतच येतात," बाबा म्हणाले. "पुढचं विचारलं तर उत्तर बरोबर की चूक ते मला कळायचं नाही."

मी म्हटलं, कुणी यायची गरज नाही. खिसे असलेली शॉर्ट्स घेतली की प्रश्न मिटला.

"वाघीण आहे ती," मावशी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

हे नाव मला दवाखान्यात पडलं. आठव्या वर्षी पहिलं इंजेक्शन घेताना मी रडले नाही, म्हणून तिथल्या नर्सबाईंनी ठेवलं. आईने ते उचललं आणि घरी आणलं. सगळ्यांनी ते वापरलं. मी का रडले नव्हते ते कुणी विचारलं नाही. माझ्या घशातून आवाजच निघत नव्हता.

*

शनिवारी मावशी बरोबर आली. मी नको म्हणत असताना आली. तीन मजली मोठं दुकान, वरच्या मजल्यावर खेळाचे कपडे. पुरुषांचा अर्धा मजला, बायकांच्या दोन भिंती, त्यातली एक नुसत्या गुलाबी रंगाची.

मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मांड्या एकमेकींना घासू नयेत इतकी लांबी. पोटावर न रुतणारी कंबर. फोन बसेल आणि पळताना मांडीवर थपडा मारणार नाही असा एक खिसा. गोळ्यांची नळी बसेल असा दुसरा. हे काही मी विमान मागत नव्हते.

पहिली शॉर्ट्स हातात घेतली तर दोन्ही बाजूंना सुंदर तिरपे खिसे. हात घातला, जाईना. मला वाटलं शिवण उसवायची राहिली असेल. दुकानातल्या मुलीला दाखवलं.

"ताई, तो खिसा नाहीये. डिझाइन आहे."

"खिशाचं डिझाइन?"

"चांगलं दिसतं."

मावशीने शॉर्ट्स उलटसुलट करून पाहिली. "माझ्या नवऱ्यासारखं झालं हे," ती म्हणाली. "बाहेरून खिसा, आत काही नाही."

दुसऱ्या जोडीला खरा खिसा होता, पट्टीच्या आत, पोटाशी. त्यात माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. तो किल्लीसाठी आहे असं ती मुलगी म्हणाली. आमच्या घराची किल्ली जुन्या बनावटीची, हातभर नसली तरी बोटभर. ती त्या खिशात ठेवली तर अर्धी पोटात आणि अर्धी बाहेर.

तिसरी घट्ट, मांडीला चिकटून बसणारी, बाजूला फोनचा खिसा असलेली. ही बरी वाटली. ट्रायल रूममध्ये मी फोन खिशात घातला आणि जागच्या जागी पळून पाहिलं. आधी खालची कड वर सरकत गेली, मग वरची पट्टी खाली वळली, आणि ती शॉर्ट्स माझ्या अंगावर गोधडीसारखी गुंडाळली जाऊ लागली. मी तिला खाली ओढायला वाकले तशी खिशातून फोन निसटून फरशीवर आपटला.

"पडलीस का?" बाहेरून मावशी.

"फोन पडला."

"फुटला का?"

"नाही."

"मग ठीक आहे. पुन्हा पळ."

एक माप मोठी घेतली तर ती पळताना मागे राहिली आणि मी पुढे गेले. एकीत सगळं नीट होतं, फक्त आतलं अस्तर जाळीचं, आणि त्या जाळीने पाच मिनिटांत मांडीवर लाल रेघ उठवली. एका जोडीत खिसा होता, खोल होता, पण एकच होता. मी मुलीला विचारलं, दुसऱ्या बाजूला का नाही? ती म्हणाली, लेडीजमध्ये एवढंच येतं.

तेव्हा माझा तोल गेला. आवाज चढवला नाही, मी चढवत नाही, पण बोलायची थांबले नाही. मी तिला सांगितलं, की हे ज्यांनी शिवलं त्यांच्या मते बाई घरातून निघताना कुलूप लावत नाही, कारण घरात कायम कुणीतरी असतंच. तिला वाटेत काही होत नाही. झालंच तर कुणीतरी मागून येतच असतं, तिचं सामान घेऊन. ती मुलगी हातात हँगर धरून उभी होती. तिने हे शिवलं नव्हतं. मला ते कळत होतं आणि तरी मी थांबत नव्हते.

"सोळा सक्के?"

मागून आईचा आवाज आला. मी वळले. मावशी होती. बहिणींचे आवाज फोनवर सारखे यायचे, पण समोरासमोर इतके सारखे मी कधी ऐकले नव्हते. तिलाही ते बहुधा ऐकू आलं, कारण तिने तोंडावर हात ठेवला.

"शहाण्णव," मी म्हटलं.

फोन पाहिला. साखर उत्तम होती. आता पुढचं वाक्य यायला हवं होतं. मी खरंच वाट पाहिली. पण मावशीला ते वाक्य ठाऊक नव्हतं. ती त्या मुलीच्या जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "मनावर घेऊ नको गं. तिची आई गेली नुकतीच."

मुलीचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने मला पाणी आणून दिलं.

घरी येताना मी मावशीशी बोलले नाही. तिला वाटलं मला आईची आठवण आली. मला आला होता राग. आधी माझा राग साखरेचा असायचा, आता तो दुःखाचा झाला होता. ग्रंथालयात तेच. एकाने पुस्तक भिजवून परत आणलं आणि मी त्याला दोन शब्द ऐकवले तर आमचे मुख्य ग्रंथपाल मला बाजूला घेऊन म्हणाले, हवी तेवढी रजा घ्या. पुस्तक भिजलेलं होतं. पानं फुगून त्याचा कोबी झाला होता. पण त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

*

मग मी एकटीने शोध घेतला. पुरुषांच्या विभागातून एक शॉर्ट्स आणली. तिच्या खिशांत माझे दोन्ही हात मनगटापर्यंत बुडाले आणि क्षणभर मला सगळ्या पुरुषांचा मनापासून हेवा वाटला. पण ती कमरेला ढगळ आणि नितंबांना घट्ट. नाडी आवळली की पुढे झालर यायची. फोन खिशाच्या तळाशी जाऊन गुडघ्याच्या जरा वर लोलकासारखा झुलायचा. ती बाबांना दिली. ते ती घालून वर्तमानपत्र वाचतात आणि खिशात किल्ली, रुमाल, डोळ्यांत घालायचे थेंब आणि स्क्रू-ड्रायव्हर ठेवतात. "फार सोयीची आहे," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

शेवटी फोनवरून एक मागवली. मागे, कमरेच्या बरोबर मध्यावर, चेन असलेला रुंद खिसा. फोन, नळी, किल्ली, सगळं एकात बसलं. पोट मोकळं. लांबी नीट. अस्तर मऊ. मी आरशासमोर उड्या मारल्या, काही हललं नाही. मला इतका आनंद झाला, की मी आईला सांगायला स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी पोचल्यावर परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. बाबा दारापर्यंत आले.

भिंतीच्या कडेने पळताना माझ्या लक्षात आलं, की मागे काही वाजत नाही. फोन पाठीशी होता, ओरडला असता तर ऐकू आलं असतं. तरी मी स्वतःला पाढे विचारायला लागले. तेरा साते? एक्याण्णव. चौदा चोक? छप्पन्न. उत्तरं पटापट येत होती. मग मोठे पाढे सुटले आणि मी लहानांवर आले, तेही पटापट. बे एके बे, बे दुणे चार. मला वाटलं, किती सोपं आहे हे, उगाच तिला इतकी वर्षं सीटवर बसवलं. बे त्रिक सहा. मग मी भिंतीवर चिडले. ती संपतच नव्हती, आणि हे कुणीतरी मुद्दाम केलेलं आहे याबद्दल माझी खात्री होती.

तेव्हाही मला कळलं नाही. बे चोक आठ म्हणत मी भिंतीवर चिडत होते.

सोपं काय ते माझं मला माहीत होतं, म्हणून मी तेवढंच विचारत गेले. जिभेला बेचा पाढा येतोच, डोकं घरी नसलं तरी येतो. आईने मला आयुष्यात कधी बेचा पाढा विचारला नव्हता.

फोन ओरडला तेव्हा माझे हात कापत होते. मी पाठीमागे हात नेला. चेन सापडली, पण तिची कडी नखाएवढी, घामाने निसरडी, आणि बोटं माझं ऐकत नव्हती. उजव्या हाताने होईना म्हणून डावा नेला. खिसा मला दिसत नव्हता. शॉर्ट्स फिरवून पुढे आणावी म्हटलं तर ती अंगावर इतकी छान बसलेली, की फिरेना. मी फुटपाथवर बसले. एक कुत्रं उठून जवळ आलं आणि माझ्याकडे पाहत बसलं. त्याच्या चेहऱ्यावर आस्था होती आणि त्याला हात नव्हते.

चेन कशी उघडली ते मला नीट आठवत नाही. नळीचं झाकण आतल्या आत निघालं होतं आणि घामाने गोळ्यांचा लगदा झाला होता. मी शॉर्ट्सचा खिसा उलटा करून बोटाने तो चिखल निपटला आणि चाटला. किल्लीला लागलेलाही चाटला. मी, रोज लोकांना पुस्तकांवर डाग पाडू नका म्हणून सांगणारी.

थोड्या वेळाने रस्ता पुन्हा रस्त्यासारखा दिसू लागला. मी चालत घरी आले. बाबांनी विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, चेन मागे नको.

*

आता मला जे हवं होतं त्यात सुंदर, हलकं, मापाचं असं काही उरलं नव्हतं. मी दुसऱ्या एका दुकानात गेले, काउंटरवर फोन, नळी आणि किल्ली ठेवली आणि म्हटलं, हे तिन्ही असं आत गेलं पाहिजे, की न बघता, कापत्या हाताने बाहेर येईल. तिथल्या माणसाने मागून पाच-सहा जोड्या आणून टाकल्या.

चौथी जोडी दोन थरांची होती. आत मांडीला धरून राहणारा मऊ घट्ट थर, बाहेर सैल. आतल्या थराला दोन्ही मांड्यांवर खिसे. चेन नाही, तोंडावर कापडाची एक पट्टी दुसरीवर चढलेली, म्हणजे हात आत जातो पण वस्तू आपणहून बाहेर येत नाही. किल्लीला कमरेच्या पट्टीत वेगळी घडी. कंबर रुंद आणि सपाट, पोटावर कुठे रुतत नव्हती. आतल्या थरामुळे मांड्या घासत नव्हत्या आणि कड वर चढत नव्हती, कारण बुडाशी एक चिकट रेघ होती. मी ट्रायल रूममध्ये डोळे मिटले, हात मुद्दाम कापवले आणि उजव्या मांडीवरच्या खिशातून नळी काढली. निघाली. पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. डाव्या हातानेही काढली. मी इतका वेळ आत होते, की बाहेर कुणीतरी खोकलं.

रंग भयंकर होता. शेवाळ आणि मोहरी यांच्या मधला. दुसरा नव्हता. मी एकसारख्या दोन घेतल्या.

मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, देव पावला, आता सुटलीस तू. डॉक्टरीण बाईंनीही छान म्हटलं. मुख्य ग्रंथपालांनी मी न विचारता सांगितलं, की मी आता बरी दिसतेय.

सकाळी उठले. शॉर्ट्स घातली. फोन डाव्या मांडीवर, नळी उजव्या मांडीवर, किल्ली पट्टीत. झाकणाला चिकटपट्टी लावली होती. बुटांच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. दार उघडलं आणि मुठीवरचा हात तिथेच राहिला. साखर बघितली. नीट होती. मग थोडा वेळ थांबून पुन्हा बघितली. सबब म्हणून सांगावी अशी एकही गोष्ट उरली नव्हती. सगळं सामान जागच्या जागी होतं आणि माझे पाय दारात खिळलेले.

बोळात बाबा सायकलपाशी बसले होते. आई गेल्यापासून ती भिंतीला टेकून उभी होती, मी तिच्याकडे न बघता ये-जा करायचे. आज बघितली. टोपली पुसलेली होती. त्यात पाण्याची बाटली होती, भरलेली. आणि सीट वर केलेली होती. बाबा आईपेक्षा वीतभर उंच आहेत.

ती नुकतीच केलेली नव्हती. पान्याच्या खुणांवर धूळ बसली होती.

"झाले का खिसे?" त्यांनी विचारलं.

"झाले."

"सगळं मावलं?"

"मावलं."

त्यांनी मान हलवली. हातात तेलाची कुपी होती. "तू निघ मग. मी हिच्या साखळीला तेल घालतो. फार करकरते."

"नको घालू."

मी बाबांना अरे-तुरे करत नाही. त्यांनी मान वर करून पाहिलं. आधी माझ्या चेहऱ्याकडे, मग दंडावरच्या चकतीकडे. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं, आणि त्यांना येणारा सगळ्यात मोठा पाढा कुठला तेही मला ठाऊक होतं.

"बारा बारे?" ते म्हणाले.

"चव्वेचाळासे. साखर नीट आहे, बाबा. दोनदा बघितली."

"मग?"

दाराच्या मुठीवरचा हात मी काढला. घशाशी तीच जुनी जागा होती, आठव्या वर्षाची, जिथून आवाज निघत नव्हता. आता निघाला, जरा खरखरीत, पण निघाला.

"मला भीती वाटते," मी म्हटलं. "आजची नाही ही. पहिल्यापासून वाटते. रोज वाटायची. मागे आईची साखळी वाजायची म्हणून मी पुढे पळत होते, आणि ती आहे म्हणून चिडत होते. मी वाघीण बिघीण नाही, बाबा. मला एकटीला भीती वाटते. तुम्ही चला मागे."